भारंगी लावताना: भाजी, फूल आणि मूळ यांची वाटणी

भारंगीच्या एका झुडपावर तिघांचा डोळा असतो. जूनमध्ये कोवळ्या पानांसाठी स्वयंपाकघराचा, जुलै-ऑगस्टमध्ये फुलांसाठी भुंग्यांचा आणि दोन-तीन वर्षांनी मुळांसाठी औषध करणाऱ्यांचा. अडचण अशी की भाजीसाठी जो शेंडा खुडतात, फुलांचा तुरा नेमका त्याच शेंड्याला येतो. आणि मुळं उपटली की पुढच्या पावसाळ्याचा फुटवाच जातो. झुडूप तसं चिवट आहे, मातीचे लाड मागत नाही. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो कुठला शेंडा कधी घ्यायचा आणि कुठला सोडायचा यात.

रोप घेण्याआधी ओळख पक्की करा

भारंगीचं शास्त्रीय नाव आज रोथेका सेरेटा असं आहे. 1998 पर्यंत तिची गणना क्लेरोडेंड्रम या प्रजातीत व्हायची, म्हणून रोपवाटिकेतल्या पाटीवर आणि औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत अजूनही क्लेरोडेंड्रम सेरेटम सापडतं. दोन्ही एकच.

खोड चौकोनी असतं, बोटांत धरून फिरवलं की कडा लागतात. पानं मोठी, वीतभर लांब, कडेला करवतीसारखे ठसठशीत दाते, देठ अगदी आखूड. एका पेरावर पानं समोरासमोर दोन किंवा कित्येकदा तीन असतात. झुडूप कमरेपासून पुरुषभर उंचीपर्यंत वाढतं. फुलं शेंड्यावर उभ्या तुऱ्यात येतात: पाच पाकळ्या, त्यातल्या चार फिक्या निळसर किंवा जवळजवळ पांढऱ्या आणि खालची एक मोठी, गडद जांभळी-निळी. चार लांब पुंकेसर कमानीसारखे फुलाबाहेर आलेले. फळं हिरव्यावरून काळपट जांभळी होतात.

इथे एक फसगत नेहमी होते. शहरांतल्या नर्सऱ्यांमध्ये ‘ब्लू बटरफ्लाय’ म्हणून एक झुडूप मिळतं. त्याचं फूल भारंगीची सख्खी बहीण शोभेल असं आहे, आणि नातं आहेही, पण ते आफ्रिकेतलं. पानावरून ते लगेच ओळखता येतं: त्याचं पान बोटाएवढं, भारंगीचं वीतभर. बागेत शोभेला लावायला हरकत नाही, मात्र त्याची भाजी करायची नाही. दुसरा गोंधळ भंडीरशी होतो, कारण तीही याच कुळातली आणि कोकणात वाटेवर कुठेही दिसते. तिची पानं रुंद, बदामी आकाराची, लवदार. फुलं पांढरी, आत गुलाबी झाक. फूल पाहिल्याशिवाय खात्री वाटत नसेल तर पहिलं वर्ष नुसतं झाड वाढवा, पान ताटात घेऊ नका.

रोप कुठून आणायचं

डोंगरावरून उपटून आणू नका. राखीव जंगलातून झाडं-मुळं काढणं कायद्यात बसत नाहीच, शिवाय मोठ्या झुडपाचं मूळ खोल आणि लाकडासारखं असतं, उपटताना ते तुटतं आणि आणलेलं झाड आठ-दहा दिवसांत माना टाकतं. वन विभागाच्या किंवा औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत विचारा. घाटाखालच्या गावांत कुणाच्या परसात, बांधावर भारंगी असेल तर काम सगळ्यांत सोपं.

परसातल्या झुडपापासून रोप करण्याचे तीन मार्ग आहेत, सोप्यापासून अवघडाकडे.

बुंध्यालगतचा फुटवा. पाऊस नीट लागला की जुन्या झुडपाच्या बाजूने जमिनीतून नवे कोंब निघतात. कोंब वीतभर झाला की त्याच्या भोवतीची माती खुरप्याने मोकळी करा, त्याला स्वतःची बारीक मुळं फुटलीत ना ते बघा आणि मगच मुख्य मुळापासून धारदार सुरीने तोडा. मातीच्या गोळ्यासकट उचला. मुळं नसलेला कोंब तोडला तर तो फक्त काडी आहे, त्याला काडीसारखंच वागवावं लागेल.

काडी, म्हणजे छाट कलम. जून-जुलैत, गेल्या वर्षीच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची 15 ते 20 सेंटिमीटरची काडी घ्या, तिला निदान तीन पेरं हवीत. खालचा काप पेराच्या जरा खाली, तिरका; वरचा सरळ. सगळी पानं काढा, वरचं एखादं ठेवलंत तर अर्धं कापा, कारण मोठ्या पानातून पाणी उडतं आणि मुळं नसलेल्या काडीला ते भरून काढता येत नाही. निम्मी वाळू आणि निम्मी माती भरलेल्या पिशवीत दोन पेरं आत जातील अशी खोचा. सावलीत, पावसाचा थेट मारा लागणार नाही अशा जागी ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. वर पालवी फुटली म्हणजे खाली मूळ आलं असं समजू नका; काडीतल्या साठ्यावर पालवी आधी येते. ओढून बघायचा मोह आवरा. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की मगच हलवा. पाच काड्यांतल्या दोन-तीन जगल्या तरी पुरे, म्हणून लावताना दुपटीने लावा.

बी. फळं पावसाळा सरता-सरता काळी पडतात. पिकलेली फळं पाण्यात चुरडून गर धुऊन टाका, बिया दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि शिळ्या होऊ न देता पेरा. पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, एक सेंटिमीटर खोल टाका, वरून वाळू पसरा. उगवण सावकाश आणि मागेपुढे होते, त्यामुळे महिनाभर काही दिसलं नाही म्हणून पिशवी उलटी करून टाकू नका.

जागा आणि खड्डा

जंगलात भारंगी दाट झाडीच्या आत क्वचितच दिसते. ती असते कडेला, उतारावर, जिथे ऊन येतं पण दुपारची सावलीही मिळते. बागेतही तसंच बघा: सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर आडोसा. पूर्ण सावलीत ती जगते, पण नुसती पानंच देते.

दुसरी अट निचऱ्याची. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत आणि घाटातल्या मुरमाड उतारावर काही करावं लागत नाही. देशावरच्या काळ्या मातीत मात्र करावं लागतं. तिथे खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरलेली विहीर. काळ्या मातीत खड्ड्याच्या नादी लागूच नका. 20 ते 25 सेंटिमीटर उंचीचा वाफा करा, त्यात दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत मिसळा आणि त्यावर लावा.

इतरत्र 30 सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा पुरतो. निघालेल्या मातीत अर्धं घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत घाला. ताजं शेण नको, त्याने मुळं भाजतात आणि हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण मिळतं. दोन झुडपांत 75 ते 90 सेंटिमीटर अंतर ठेवा. लावण्याची वेळ जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै. पहिल्या सरीला घाई करू नका, मधे पावसाने दडी मारली की कोवळी रोपं करपतात.

एकटं झुडूप लावू नका, निदान तीन एकत्र लावा. भुंगा एका फेरीत भरपूर मध मिळेल तिथे पुन्हा येतो. बागेच्या तीन कोपऱ्यांत तीन झुडपं विखुरली तर त्याच्या लेखी ती नगण्य.

गॅलरीत लावायची असेल तर 14 ते 16 इंची कुंडी घ्या, खाली तीन-चार भोकं हवीत, आणि कुंडीखाली ताटली ठेवू नका. कुंडीतली भारंगी मेली तर दहांतल्या आठ वेळा दोष त्या ताटलीतल्या पाण्याचा असतो.

उन्हाळ्यात ती मरत नाही

पावसाळ्यात वेगळं पाणी लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदा. फेब्रुवारीपासून पानं पिवळी पडून गळायला लागतात, आणि इथेच नवीन माणूस घाबरतो. झाड सुकतंय असं समजून तो रोज पाणी घालतो. झुडूप झोपेत असतं, पाणी उचलत नाही, माती ओली राहते आणि मूळ कुजतं. मग जूनमध्ये खरोखरच काही उगवत नाही, आणि बोल उन्हाला लागतो.

मार्च ते मे जमिनीतल्या झुडपाला पंधरा दिवसांनी एकदा पाणी पुरे, कुंडीला आठवड्यातून एकदा, तेही बोटभर खोल माती कोरडी लागली तरच. बुंध्याभोवती वाळक्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका. शंका आली तर बुंध्याजवळ नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. वरची फांदी वाळून कोळ झाली असेल आणि बुंधा हिरवा असेल तरी काळजी नाही, नवा फुटवा बुंध्यातूनच येतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या जुन्या फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. जीवावर येतं, पण न छाटलेलं झुडूप वरच्या वर किडकिडं फुटतं, पावसात आडवं पडतं आणि तुरे कमी येतात. छाटलेल्या फांद्यांतल्या ताज्या, न वाळलेल्या काड्या पिशवीत लावता येतात.

शेंडे किती खुडायचे

छाटणीनंतर जूनमध्ये बुंध्यातून पाच-सहा जोमदार कोंब येतात. हीच भाजी आणि हेच फुलांचे तुरे. पहिल्या वर्षी काहीच खुडू नका. दुसऱ्या वर्षी तीन कोंबांत एकाचा शेंडा घ्या. तिसऱ्या वर्षापासून निम्म्यांचे घेतले तरी झाड कुरकुरत नाही.

पण तारीख सांभाळा. जून सरेपर्यंत खुडलेल्या शेंड्याखाली दोन बगल-फुटवे येतात आणि त्यांना उशिरा का होईना तुरे धरतात. तुरे आकाराने लहान, पण दुप्पट. म्हणजे निम्मे कोंब न खुडता सोडले तर ते जुलै-ऑगस्टात फुलतात आणि खुडलेले त्यांच्या मागून, सप्टेंबरकडे. भाजीची भाजी होते आणि भुंग्यांना फुलं जास्त दिवस मिळतात. जुलैत शेंड्याशी बारीक कळ्यांचा गुच्छ दिसू लागला की मात्र हात लावायचा नाही. त्यानंतर खुडलेला कोंब त्या वर्षी वांझच राहतो.

फुलांचीही भाजी करतात. ती करायचीच असेल तर एका झुडपाचा एखादाच तुरा घ्या, आणि सकाळी दहानंतर. तोवर भुंग्यांची पहिली फेरी झालेली असते. बागेत परागीभवनासाठी भारंगी लावली असेल तर फुलांची भाजी करू नये, पानांवर समाधान मानावं, हे आमचं मत.

भाजी, थोडक्यात

फक्त शेंड्याकडची दोन-तीन जोड्या कोवळी पानं घ्या. देठाशी वाकवली की कटकन मोडतात ती कोवळी. निबर पान कितीही उकडलं तरी चोथा लागतं. पाव किलो पानं चिरून भरपूर पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, पानं घट्ट पिळा. कडूपणा या पाण्यात जातो. पहिल्यांदा करत असाल तर पिळलेलं चिमूटभर चाखून बघा, फार कडू असेल तर पुन्हा एकदा उकळा. मग तेलात ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, एक मोठा कांदा परता. अर्धी वाटी भिजवलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ घालून वाफ आणा. पानं आणि मीठ घालून झाकण न ठेवता परता. वरून ओलं खोबरं. थोडा कडसरपणा राहतो आणि तो राहायलाच हवा. पहिल्या खेपेला दोन-चार घासच घ्या. कुठलीही रानभाजी पोटाला हळूहळू ओळखीची करून द्यावी.

भुंग्यांसाठी

भारंगीच्या फुलाचा मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मोठा काळा सुतार भुंगा. खालच्या गडद पाकळीवर तो उतरतो, तोंड नळीत घालतो, आणि वर कमान करून उभे असलेले पुंकेसर त्याच्या पाठीला लागतात. पुढच्या फुलावर तीच पाठ स्त्रीकेसराला घासते. श्रावणात ऊन पडलं की तुऱ्याजवळ पाच मिनिटं उभं राहून हे बघता येतं. एवढ्या वजनाने अख्खा तुरा खाली झुकतो. घोंघावण्याला भिऊ नका. नराला नांगीच नसते, आणि मादी मुठीत धरल्याशिवाय सहसा डंख मारत नाही.

या भुंग्याला फुलांइतकीच घराची गरज असते. तो वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतो. हाताच्या अंगठ्याएवढी पोकळी असलेले वाळलेले बांबू घ्या, 20 ते 25 सेंटिमीटरचे तुकडे असे कापा की एका टोकाला गाठ राहील. दहा-बारा तुकडे तारेने बांधून छपराखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी आडवे, उघडं तोंड पूर्वेकडे करून पक्के बसवा. लोंबकळणाऱ्या जुडीत भुंगा राहायला येत नाही. बागेतलं एखादं वाळकं जाड खोड उभंच ठेवता आलं तर ते याहून बरं.

भारंगीची फुलं असतात पावसाळ्यातले दोन-अडीच महिने. बाकीच्या दिवसांत भुंगे-माश्यांनी जायचं कुठे? म्हणून सोबत आपलीच झाडं लावा: भाद्रपदापर्यंत तेरडा, ऑक्टोबरनंतर थंडीभर काटेकोरांटी, जानेवारीपासून धायटी, मार्चच्या सुमारास करवंद, मग कुडा.

बिघडतं ते असं

पानं भरघोस, पण तुरा नाही: सावली जास्त, किंवा खत जास्त. युरिया घालूच नका. मेच्या छाटणीनंतर झुडपामागे दोन ओंजळी शेणखत एवढाच वर्षाचा खुराक.

पानांना भोकं: अळ्या आहेत. फुलपाखरं आणि पतंग हवे असतील तर अळ्याही सोसाव्या लागतात. निम्म्याहून जास्त पानं गेली तरच हाताने वेचा.

देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस: पिठ्या ढेकूण, बहुधा कुंडीत आणि थंडीनंतर. पाण्याच्या जोरदार धारेने तीन दिवस सलग धुवा. एवढ्याने हटला नाही तर एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि चार-पाच थेंब साबणाचं पाणी ढवळून संध्याकाळी मारा. फुलं असताना मात्र कडुनिंबही नको, बाकीची कीटकनाशकं तर नकोच नको. शेजारच्या गुलाबावर मारलेला फवाराही वाऱ्याने इकडे येतो, हे लक्षात ठेवा.

पावसात पानं अचानक लोंबली आणि माती ओली: मूळ गुदमरतंय. कुंडी असेल तर ताबडतोब आडवी करून पाणी काढा, काळं पडलेलं मऊ मूळ कापा, वाळू मिसळलेल्या नव्या मातीत लावा. जमिनीत असेल तर उताराच्या बाजूने चर काढा.

मूळ काढायचं असेल तर

आयुर्वेदात भारंगीचं मूळ श्वास आणि कास, म्हणजे दमा आणि खोकला, यांवरच्या औषधांत येतं. कनकासव या आयुर्वेदिक औषधात ते असतं. घरच्या झुडपाचं मूळ म्हणून घरीच काढा करून दम्यावर देणं मात्र धोक्याचं आहे. दम्याचं चालू औषध किंवा पंप यासाठी बंद करू नये. गरोदर बाई, अंगावर पिणारं मूल असलेली आई आणि लहान मुलं यांच्याबाबत वैद्याला विचारल्याशिवाय काहीच नाही. मात्रा वैद्यानेच ठरवावी.

वैद्याला द्यायला मूळ काढायचं असेल तर झुडूप तीन वर्षांचं होऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत, बी पडून गेल्यावर, बुंध्यापासून हातभर अंतरावर एकाच बाजूने चर खणा. बाजूला गेलेली बोटाएवढी जाड मुळं शोधा आणि त्यातली एक तृतीयांशच कापा. मधलं गाठाळ मूळ तसंच राहू द्या, पुढचा फुटवा तिथूनच येतो. चर लगेच बुजवा, आणि त्या झुडपाच्या त्या वर्षीच्या भाजीवर पाणी सोडा. दुसरी बाजू दोन वर्षांनी.

मुळं धुऊन, ओली असतानाच पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. वाळल्यावर ती सुरीला दाद देत नाहीत. सावलीत, वारं खेळेल अशा जागी पसरा आणि रोज उलटवा. तुकडा वाकवल्यावर न लवता कटकन मोडला की वाळला. काचेच्या बरणीत भरून वर नाव आणि काढल्याचा महिना लिहा. बाजारातून आणणार असाल तर नुसतं ‘भारंगी’ न म्हणता मूळच मागा: या नावाखाली खोडाचे तुकडेही येतात, आणि काही ठिकाणी प्रेम्ना हर्बेसिया या बुटक्या झुडपाची मुळंही भारंगी म्हणून विकतात. वाळल्यावर दोन्हींतला फरक नवख्याला कळेलच असं नाही, म्हणून तुकडा वैद्याला दाखवूनच घ्या.